क्लॉकचा वेग आणि उष्णतेची किंमत : ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास (१९८१–२०२४)

प्रस्तावना

प्रोसेसरच्या खोक्यावर वेगाचा एक आकडा छापलेला असतो : ३.५ गिगाहर्ट्झ, ४.२ गिगाहर्ट्झ इत्यादी. पाण्याचा उत्कलनबिंदू किंवा लोखंडाची घनता असावी, तसा हा आकडा त्या चिपचा अंगभूत गुणधर्म आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो उत्पादकाने दिलेला हवाला असतो. ठरलेल्या व्होल्टेजवर आणि ठरलेल्या कमाल तापमानाच्या आत ही चिप इतक्या वेगाने, वर्षानुवर्षे, चूक न करता चालेल, एवढेच तो सांगतो. हा शब्द पाळता यावा म्हणून उत्पादक चिपच्या खऱ्या क्षमतेपेक्षा थोडा कमी आकडा छापतो. या दोन्हींमधल्या अंतराला आपण या पाठात 'राखीव क्षमता' म्हणू.

छापील वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ते बहुधा हौशी तरुणांचा खेळ म्हणून सांगितले जाते. मात्र त्याच्या इतिहासाकडे नीट पाहिले, तर त्यात एक महत्त्वाचा प्रश्न दिसतो : ही राखीव क्षमता वापरायची कोणी, आणि त्यातून येणारी उष्णता व धोका सोसायचा कोणी? सुमारे चाळीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर पूर्णपणे बदलले. ते कसे बदलले, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

१. क्लॉक, व्होल्टेज आणि उष्णता

प्रोसेसरमधली सर्व कामे एका ठोक्यावर चालतात. हा ठोका मदरबोर्डवरच्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांपासून मिळवला जातो. एका सेकंदात जितके ठोके, तितके हर्ट्झ. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ट्रान्झिस्टरांच्या लांब साखळीतून संकेत पलीकडे पोहोचला पाहिजे. ठोके जवळ आणले आणि संकेत वेळेत पोहोचला नाही, तर उत्तर चुकते आणि संगणक बंद पडतो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर अधिक झपाट्याने चालू-बंद होतात आणि संकेत लवकर पोहोचतो. म्हणून ओव्हरक्लॉकिंग करणारा आधी वेग वाढवतो आणि अडखळला की व्होल्टेज वाढवतो.

मात्र प्रत्येक वेळी ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना थोडी विद्युतऊर्जा खर्च होते आणि ती उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. आजच्या चिप ज्या सीमॉस तंत्रावर बनतात, त्यांच्यासाठी हा हिशेब असा मांडतात :

शक्तिव्यय ∝ धारकता × (व्होल्टेज)² × वारंवारता

या सूत्रातील वर्ग हा पाठाचा कणा आहे. समजा, एक प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवर १०० वॉट घेतो. तो ४.६ गिगाहर्ट्झवर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. वेग १५ टक्के वाढला. शक्तिव्यय मात्र १.१५ × (१.३५ ÷ १.२)² म्हणजे सुमारे १.४६ पट झाला. १५ टक्के वेगासाठी ४६ टक्के जास्त उष्णता, हा तो सौदा. पुढचा सर्व इतिहास याच सौद्याभोवती फिरतो.

२. स्फटिक बदलण्याचा काळ

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने 'पीसी' बाजारात आणला. त्यातील इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. हा विचित्र आकडा चिपच्या मर्यादेतून आलेला नव्हता. अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या संकेताशी जुळणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बोर्डवर होता. त्याला तीनने भागून प्रोसेसरचा ठोका मिळवला होता. म्हणजे पहिल्याच पीसीमध्ये वेग ठरला तो सोयीने आणि खर्चाने.

१९८४ मध्ये आलेल्या 'पीसी एटी'मध्ये ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. त्यासाठी बोर्डवर १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक खाचेत बसवलेला होता. अनेकांनी तो काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला आणि त्यांचा संगणक ८ मेगाहर्ट्झवर चालू लागला. थोड्या पैशांत एक-तृतीयांश वेग वाढला. नंतरच्या यंत्रांत आयबीएमने बायोसमध्ये वेग तपासणारी सोय घातली. यंत्र ठरल्यापेक्षा जलद चालत असल्यास ते सुरूच होत नसे. वापरकर्त्याने राखीव क्षमता काढून घ्यायची आणि उत्पादकाने ती वाट बंद करायची, हा पुढे अनेकदा घडलेला प्रसंग येथे प्रथम ठळकपणे दिसतो.

या काळात उष्णतेची चर्चा फारशी नव्हती. ८०८८ किंवा ८०२८६ वर साधारणपणे हीट सिंकसुद्धा नसे; चिप उघडीच असे. उष्णता ही मोठ्या यंत्रांची अडचण मानली जाई. उदाहरणार्थ, १९७६ चा क्रे-१ हा महासंगणक ८० मेगाहर्ट्झवर चालताना शंभर किलोवॉटहून अधिक वीज घेई आणि त्याला थंड ठेवण्यासाठी फ्रीऑन वायूची शीतयंत्रणा लागे. मेजावरच्या संगणकाला असे काही कधी लागेल, असे तेव्हा वाटत नव्हते.

३. हीट सिंक आणि पंख्याचे आगमन

१९९२ मध्ये इंटेलने ४८६डीएक्स२ आणला. बोर्ड ३३ मेगाहर्ट्झवर आणि प्रोसेसर आतल्या आत त्याच्या दुप्पट, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झवर, अशी त्याची रचना होती. येथून 'गुणक' ही संकल्पना रुळली : बसचा वेग × गुणक = प्रोसेसरचा वेग. याच पिढीत प्रोसेसरवर हीट सिंक दिसू लागले.

१९९३ मधला पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि ६६ मेगाहर्ट्झला १६ वॉटपर्यंत वीज घेई. त्या वेळच्या मानाने हे प्रमाण मोठे होते आणि त्यावर टीकाही झाली. (पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा.) पुढच्याच वर्षी आलेला १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम मात्र सुमारे १० वॉटवरच थांबला. वेग दीडपट झाला आणि वीज कमी झाली. ट्रान्झिस्टर लहान झाले होते आणि व्होल्टेज ५ वरून ३.३ वर आले होते. सूत्रातील वर्ग येथे आपल्या बाजूने काम करतो.

याच्या मुळाशी असलेला सिद्धांत आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये मांडला होता. ट्रान्झिस्टरची मापे आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात घटवली, तर वेग वाढतो. चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून निघणारी उष्णता मात्र तेवढीच राहते. दर दोन-तीन वर्षांनी वाढीव वेग जवळजवळ फुकट मिळण्याचे कारण हेच.

४. सेलेरॉन ३००ए : राखीव क्षमतेचा सुवर्णकाळ

एकाच सिलिकॉन चकतीतून निघालेल्या चिप सारख्या नसतात. काही जास्त वेग सोसतात, काही कमी. कारखान्यात त्यांची चाचणी होते आणि त्यानुसार त्यांची प्रतवारी केली जाते. उत्पादनप्रक्रिया मुरली की बहुतेक चिप वरच्या प्रतीच्या निघू लागतात. बाजारात मागणी मात्र स्वस्त चिपांना जास्त असते. मग चांगल्या चिपांवरही कमी वेगाचा आकडा छापून त्या विकल्या जातात.

ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००ए हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. त्याचा हिशेब साधा होता : ६६ मेगाहर्ट्झची बस, साडेचारचा गुणक, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. त्याच काळात १०० मेगाहर्ट्झच्या बसचे बोर्ड मिळू लागले होते. तोच सेलेरॉन अशा बोर्डावर बसवून बस १०० वर नेली की ४५० मेगाहर्ट्झ मिळत. बोर्डावर तशी सोय नसेल, तर काही जण चिपच्या पट्टीवरच्या एका ठरावीक पिनवर चिकटपट्टी लावत. बोर्डाला ती १०० च्या बसची चिप वाटे. त्याच महिन्यात इंटेलने ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ कित्येक पट किमतीला आणला होता. त्याची ५१२ किलोबाइटची दुय्यम कॅश वेगळ्या चिपांत होती आणि निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची कॅश १२८ किलोबाइटच, पण प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आणि पूर्ण वेगाची होती. त्यामुळे खेळांसारख्या अनेक कामांत स्वस्त चिप महागड्या चिपच्या बरोबरीला येई.

हे शक्य झाले, कारण उष्णतेला वाव होता. सेलेरॉन ३००ए सुमारे १९ वॉटचा. व्होल्टेज तेच ठेवून वेग दीडपट केला, तर शक्तिव्यय २८–२९ वॉट होई. अॅल्युमिनियमचा बरा हीट सिंक आणि एक पंखा त्याला पुरेसा होता.

या सुवर्णकाळाला एक काळी बाजूही होती. कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खोडून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापायचा आणि ती महाग विकायची, असा गैरव्यवहार नव्वदच्या दशकात अनेक देशांत चाले. ग्राहकाला नकळत ओव्हरक्लॉक केलेला संगणक मिळे आणि तो का बंद पडतो, हे त्याला कळत नसे. म्हणून इंटेलने गुणक कारखान्यातच कुलूपबंद करायला सुरुवात केली. कुलूप फसवणुकीला आळा घालणारे होते, तसेच महागड्या चिपांची विक्री राखणारेही होते. दोन्ही हेतू एकाच उपायात मिसळलेले होते. एएमडीच्या २००० सालच्या अॅथलॉन आणि ड्युरॉन चिपांचे कुलूप मात्र पेन्सिलीने उघडता येई. चिपच्या पृष्ठभागावरील तुटक जोडण्या शिसपेन्सिलीच्या रेघेने जोडल्या की झाले, कारण ग्राफाइट विद्युतवाहक आहे.

५. उष्णतेची भिंत

मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल या दोघांनी अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झचे प्रोसेसर जाहीर केले. ही शर्यत जिंकण्याच्या घाईत इंटेलने जुलैअखेर १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणला. स्वतंत्र परीक्षकांना तो ठरावीक कामांत अडखळताना आढळला आणि महिनाभरातच कंपनीला तो परत घ्यावा लागला. या वेळी राखीव क्षमता संपवली होती ती उत्पादकाने.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ आला. आदेशाचे काम वीस लहान टप्प्यांत विभागून वेग वाढवायचा, ही त्याची रचना. फेब्रुवारी २००४ च्या 'प्रेस्कॉट' आवृत्तीत हे टप्पे एकतीस झाले. इंटेलचेच पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्ये एका तांत्रिक परिषदेत इशारा दिला होता की, शक्तिव्यय असाच वाढत राहिला, तर चिपच्या पृष्ठभागावरील उष्णतेची घनता अणुभट्टीच्या, नंतर रॉकेटच्या नळीच्या आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीला पोहोचेल.

ट्रान्झिस्टर इतके लहान झाले होते की बंद स्थितीतही त्यांतून वीज गळत होती. गळती आटोक्यात ठेवायची, तर व्होल्टेज आणखी खाली नेता येईना. डेनार्डचे गणित व्होल्टेज घटण्यावर उभे होते. तो आधारच निसटला. ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ११५ वॉटपर्यंत पोहोचला. मे २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' हा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजनाही सोडली. २००५ पासून इंटेल आणि एएमडी दोघेही एका चिपवर दोन प्रोसेसर कोअर बसवू लागले. वेगाची शर्यत संपली. ती सिलिकॉनने संपवली नाही, उष्णतेने संपवली.

६. उष्णतेचा प्रवास

चिपमध्ये निर्माण झालेली उष्णता खोलीतल्या हवेपर्यंत पोहोचवणे, एवढेच शीतनाचे काम. तिचा मार्ग असा : सिलिकॉन, त्यावरचा जोडथर, धातूचे झाकण, थर्मल पेस्ट, हीट सिंक आणि शेवटी पंख्याची हवा. दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. ती हाकलून तिची जागा भरणे हेच पेस्टचे काम. पेस्ट स्वतः तांब्यापेक्षा कितीतरी मंद वाहक असते. म्हणून तिचा थर पातळच हवा. जाड थर लावल्याने शीतन बिघडते.

साखळी तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच बळकट असते. २०१२ मध्ये इंटेलने 'आयव्ही ब्रिज' प्रोसेसरांत झाकणाखाली डाखाऐवजी पेस्ट वापरली. बाहेर कितीही उत्तम कूलर लावला, तरी आतली कडी अडथळा करी. काही जण झाकण पात्याने उचकटून आत द्रवधातू भरू लागले. त्यात चिप तुटण्याचा धोका होता आणि हमीही जाई.

ही सगळी साखळी एका आकड्यात मांडता येते : प्रत्येक वॉटमागे चिप हवेपेक्षा किती अंशांनी तापते. समजा, हा आकडा ०.४ आहे. वरच्या उदाहरणातला प्रोसेसर १०० वॉटला खोलीपेक्षा ४० अंश आणि १४६ वॉटला सुमारे ५८ अंश जास्त तापेल. खोली २५ अंश सेल्सिअसवर असल्यास चिप अनुक्रमे ६५ आणि ८३ अंशांवर राहील. मे महिन्यात नागपूरच्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत ४० अंश असतील, तर हेच आकडे ८० आणि ९८ होतील. अनेक आधुनिक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. थंड देशातल्या कोणी सुचवलेले व्होल्टेज आपल्याकडे जसेच्या तसे का वापरू नये, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. पंखा किंवा पाण्याचा कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही.

त्याखाली जायचे, तर द्रव नायट्रोजन (उणे १९६ अंश) किंवा द्रव हेलियम लागते. ऑगस्ट २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स प्रोसेसर द्रव हेलियमने थंड करून ८.४२९ गिगाहर्ट्झवर नेला गेला आणि गिनीज विक्रम नोंदला गेला. पुढे ९ गिगाहर्ट्झचा टप्पाही ओलांडला गेला. असे वेग विक्रमाच्या नोंदीपुरते, अल्पकाळ टिकतात.

७. राखीव क्षमता उत्पादकाच्या हाती

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या पहिल्या कोअर आय७ मध्ये 'टर्बो बूस्ट' होते. तापमान आणि वीज मर्यादेत असतील, तर प्रोसेसर स्वतःच छापील वेगाच्या वर जाऊ लागला. हे उत्पादकाने हमीसह केलेले ओव्हरक्लॉकिंगच होते. जानेवारी २०११ मध्ये 'सँडी ब्रिज' पिढीत बसचा वेग इतर यंत्रणांशी जोडला गेला आणि तो फारसा वाढवता येईना. उघडा गुणक हवा असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन 'के' अक्षराची चिप घ्यायची, जसे आय५-२५००के. एकेकाळी फुकट मिळणारी राखीव क्षमता आता मूल्यसूचीत आली.

पुढे ही मोजणी फार बारीक झाली. चिपमधले तापमापक क्षणाक्षणाला हिशेब करतात आणि उरलेली क्षमता वेगात बदलतात. सप्टेंबर २०२२ च्या रायझन ७००० मालिकेबाबत एएमडीने सांगितले की, जड कामात ९५ अंशांवर चालणे हे या चिपांचे अपेक्षित वर्तन आहे. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के चा मूळ शक्तिव्यय १२५ वॉट, तर टर्बोमधला २५३ वॉट. वापरकर्त्याने हाताने मिळवावे असे फार थोडे उरले.

८. राखीव क्षमता संपते तेव्हा

२०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील अनेक मेजसंगणक प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. ज्यांनी कधी ओव्हरक्लॉकिंग केले नव्हते, त्यांच्याही चिप अडखळत होत्या. तपासाअंती इंटेलने सांगितले की, प्रोसेसर ठरावीक परिस्थितीत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्यामुळे चिपचा काही भाग झिजून स्थिर राहण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज वाढत होते. ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड देण्यात आला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली गेली. मायक्रोकोड पुढचे नुकसान टाळतो. झिजलेली चिप मात्र पूर्ववत होत नाही.

सेलेरॉन ३००ए शी या घटनेची तुलना करावी. १९९८ मध्ये जोखीम वापरकर्त्याने समजून-उमजून पत्करली होती. २०२४ मध्ये तोच व्होल्टेजचा सौदा कारखान्यात ठरला होता आणि ग्राहकाला त्याची कल्पना नव्हती. सूत्र तेच राहिले. निर्णय घेणारा बदलला.

म्हणूनच नवा प्रोसेसर घेणाऱ्या जाणकारांचे कौशल्य आता उलट दिशेला वळले आहे. ते व्होल्टेज किंचित कमी करतात, शक्तिव्ययाला मर्यादा घालतात आणि थोडासा वेग सोडून बरीच उष्णता वाचवतात. व्होल्टेजचा वर्ग वाढीच्या वेळी जितका महाग पडतो, तितकाच घटीच्या वेळी लाभदायक ठरतो.

सारांश

• छापील वेग हा उत्पादकाचा हवाला असतो. त्यापलीकडे काही राखीव क्षमता असते.
• शक्तिव्यय वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.
• २००४ च्या सुमारास व्होल्टेज घटवणे अशक्यप्राय झाले आणि वेगवाढीचा काळ संपला.
• राखीव क्षमता आधी वापरकर्त्याच्या हाती होती; २००८ नंतर उत्पादक स्वतःच ती वापरू लागला.
• ती अगदी संपवली की काय होते, हे २००० आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दिसले.

स्वाध्याय

१. १.३ व्होल्ट आणि ५ गिगाहर्ट्झवर १८० वॉट घेणारा प्रोसेसर १.१७ व्होल्ट आणि ४.७ गिगाहर्ट्झवर चालवल्यास शक्तिव्यय अंदाजे किती होईल?
२. सेलेरॉन ३००ए चा वेग दीडपट करता आला. आजचा प्रोसेसर तसा का नेता येत नाही? दोन कारणे लिहा.
३. गुणकाला कुलूप लावणे हे ग्राहकहिताचे होते की व्यापारहिताचे? पाठातील पुराव्याच्या आधारे आपले मत मांडा.
४. आपल्या गावातील उन्हाळ्याचे तापमान धरून विभाग ६ मधले उदाहरण पुन्हा सोडवा.